नऊशे किलोमीटर नकोत, एक खाडी पुरे

प्रिय ताई,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. आम्ही चिंचवडला राहतो. यांची कंपनीत शिफ्टची नोकरी, त्यामुळे लांबचं फिरणं फारसं झालंच नाही. या वेळी हे स्वतःहून म्हणाले की गाडी काढू आणि समुद्राच्या कडेकडेने जाऊ. मला फार बरं वाटलं. पण आता त्यांनी बेत कागदावर मांडलाय. अलिबाग, मुरुड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण आणि कोल्हापूरवरून परत. चार दिवस, नऊशेच्या वर किलोमीटर. गोव्याला गेलो होतो तेव्हा असंच झालं होतं. पोचेपर्यंत अंग मोडून गेलं, दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द लागला आणि येताना दोघंही गप्प.

दोन गोष्टी मी त्यांना अजून बोललेले नाही. मी काही वर्षांपूर्वी गाडी शिकले. बँकेत, बाजारात एकटी नेते. पण हे शेजारी बसले की यांचा पाय सारखा ब्रेक शोधत असतो, मग मीच किल्ली त्यांच्या हातात देते. दुसरं म्हणजे माझ्या माहेरी मासे असायचे, सासर शाकाहारी. मला कुणी मनाई केली नाही, तरी इतक्या वर्षांत मी यांच्यासमोर मासा खाल्लेला नाही. समुद्रावर गेल्यावर तरी खावा असं फार वाटतं. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. मुलगी त्यांच्याजवळ राहायला येते म्हणते, पण माझा पाय निघत नाही. काय करू?

– एक वाचक, चिंचवड

*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या यजमानांचा बेत वाचून मला त्यांच्याबद्दल आधी मायाच वाटली. ज्या माणसाची सगळी वर्षं शिफ्टच्या घड्याळावर गेली, तो चार दिवस हाती आले की त्यात अख्खी किनारपट्टी बसवायला बघणारच. तुम्हाला इतकी वर्षं दाखवायचं राहून गेलेलं सगळं त्यांनी त्या कागदावर लिहून काढलंय. म्हणून तो कागद खोडू नका. "हे कसं जमेल?" हा प्रश्नही पहिल्याच वाक्यात नको. त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, "यातल्या दोनच जागा बघायच्या म्हटल्या तर तुम्ही कुठल्या घ्याल?" त्यांनी दोन सांगितल्या की मग तुमच्या दोन सांगा. तुमच्या दोन म्हणजे गाडी आणि मासे. त्या दोन्ही त्याच कागदावर, त्यांच्या अक्षराशेजारी तुमच्या अक्षरात लिहिल्या जायला हव्यात. गोव्याच्या वेळी भांडण लागलं ते थकव्याने, हे खरंच. पण तुम्हाला काय हवंय ते घरात ठरलेलं नव्हतं आणि तिथे पोचल्यावर त्यांनी ते ओळखावं अशी अपेक्षा होती, असंही मला तुमच्या पत्रातून दिसतं. दमलेला माणूस काहीही ओळखू शकत नाही.

आता रस्त्याबद्दल. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण कोकणात तो खाड्यांनी जागोजागी तुटलेला आहे. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग कागदावर सलग आहे, तरी मोठ्या खाड्यांवरचे पूल व्हायचे असल्यामुळे गाडी फेरीबोटीत घालूनच पलीकडे जावं लागतं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. तिकडे या बोटीला जंगलजेटीही म्हणतात. यांच्या बेतात या सगळ्या फेऱ्या येतात. प्रत्येक ठिकाणी बोट पलीकडे असेल तर थांबा, रांग असेल तर पुढच्या बोटीला थांबा. मधले रस्ते अरुंद, घाट उतरायचा की लगेच चढायचा, समोरून एसटी आली की बाजूला घ्यायचं. तिथे ताशी तीस-पस्तीस किलोमीटर पडले तरी खूप. त्यांनी हिशोब केलाय तो पुणे-कोल्हापूर रस्त्याच्या वेगाने केलेला असणार.

माझा सल्ला स्पष्ट आहे. एकच खाडी घ्या, सावित्री नदीची. अलीकडे हरिहरेश्वर, पलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे. गुहागर आणि त्याच्या पुढचं सगळं पुढच्या वर्षाला ठेवा आणि तसं त्याच कागदावर लिहा, म्हणजे त्यांना आपला बेत मोडला असं वाटणार नाही. बुधवारी निघून शनिवारी परत या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा तुम्ही वर चढत असाल. तारखा पक्क्या करण्याआधी महाशिवरात्र कधी आहे ते बघा. हरिहरेश्वरला त्या दिवशी गर्दी असते.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघा. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर. हा टप्पा यजमानांनी चालवावा, घाट त्यांच्या हातचा आहे. पेट्रोल माणगावला किंवा श्रीवर्धनला भरून घ्या, खाडीपलीकडे पंप लांब-लांब आहेत. थोडी रोकडही जवळ असू द्या. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. थांबावंसं वाटलं तर थांबा, पण संध्याकाळ हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर घालवा. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी दर्शन. तिथली रीत अशी, की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव. मग देवळामागून डोंगराला प्रदक्षिणा आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या उतरून खाली समुद्राला लागून चालायचं. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तो खडक असा कोरला गेलाय की पाय पुढे टाकायच्या आधी माणूस बघतच राहतो. पण ही वाट ओहोटीचीच आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि लाटेने माणसं ओढून नेण्याच्या दुर्घटना तिथे घडलेल्या आहेत.

म्हणून भरतीचं गणित शिकून घ्या, किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कॅलेंडरवर तिथी बघायची, तिला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. एकादशी असेल तर सव्वाआठ. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकत जाते, म्हणून हा हिशोब जुळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढउतार कमी. हे गणित यजमानांना करायला द्या. कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते आवडेल आणि दिवसाची आखणीही त्यांच्याच हातात राहील. गणित काहीही सांगो, प्रदक्षिणेला उतरण्याआधी देवळात विचारा. नको म्हणाले तर उतरू नका.

ओहोटीला वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी किनाऱ्यावर न्यायचा मोह होतो. तोही नको. चाक एकदा रुतलं की भरती थांबत नाही. दर मोसमात कुठे ना कुठे एखादी गाडी अशी बुडतेच.

दर्शन झालं की बागमांडल्याला चला, अगदी जवळ आहे. गाडी बोटीत चढवा आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहा. पलीकडे वेसवीला जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एका बाजूला खाडीचं पाणी आत डोंगरात शिरताना दिसतं, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि वर बाणकोटचा किल्ला. बोट नसती तर हीच दोन गावं जोडायला सावित्रीला वळसा घालून आंबेतच्या पुलापर्यंत जावं लागलं असतं. बोट चुकली तर चिडू नका. धक्क्यावर चहा घ्या. इतक्या वर्षांत तुम्ही दोघं काहीही न करता अर्धा तास शेजारी शेजारी कधी उभे राहिला होतात, हे तुम्हालाच आठवावं लागेल.

वेसवीला बोटीतून उतरल्यावर किल्ली तुम्ही घ्या.

हे बोटीवर ऐन वेळी मागायचं नाही, घरीच ठरवायचं. "वेसवी ते हर्णे मी चालवणार." वेळासचा मुक्काम धरून हा टप्पा दोन दिवसांत विभागला जातो. सगळा मिळून साठेक किलोमीटर असेल, रहदारी कमी, मधल्या दिवशी फारशी वर्दळ नाही. रस्ते अरुंद आहेत आणि काही चढ अंगावर येतात, म्हणून आधी दोन रविवार घरून पिरंगुट-पौडच्या बाजूला त्यांना शेजारी बसवून चालवा. त्या दोन रविवारी दोघांनाही सवय होईल. त्यांच्या पायाचं काय करायचं याचं उत्तर मला एकच माहीत आहे. त्यांना दुसरं काम द्या. नकाशा, बोटीच्या वेळा, समोरून एसटी येतेय का ते वळणावर बघणं. आणि एक गोष्ट तोंडावर सांगा, गाडी थांबलेली असताना, शांतपणे: "तुम्ही ब्रेक शोधता तेव्हा मला वाटतं की तुमचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून मी किल्ली देऊन टाकते. या वेळी देणार नाही." बहुतेक नवऱ्यांना आपला पाय हलतो हे ठाऊकच नसतं. तुम्ही हसून किल्ली दिलीत की त्यांना वाटतं, हिला चालवायचा कंटाळा आला.

वेळासला पोचा दुपारपर्यंत. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी चोरीला जायची, कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणातल्या वाळूत नेऊन ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळी व संध्याकाळी त्यांना समुद्रात सोडतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा साधारण हंगाम. पण त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं कुणी सांगू शकत नाही, म्हणून "कासव बघायला जातोय" असा बेत करू नका. निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधीची आहेत ते विचारा. नशिबात असेल तर संध्याकाळी दिसतील, नाहीतर पहाटे. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही.

राहणं गावातल्या घरीच. सोय साधी असते, न्हाणीघर कधी परसात असतं, आणि बहुतेक घरांत जेवण शाकाहारी. यजमानांना तिथलं जेवण आवडेल याची मी खात्री देते. या दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ मिळते. ती आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण ओले काजू सोलायला वेळ लागतो आणि हाताला चीक लागतो. उकडीचे मोदकही सांगून ठेवले तरच होतात. तुम्हाला मासे हवेत हे खरं, तरी ही रात्र त्यांच्या ताटाची असू द्या.

तिसरा दिवस लग्नाच्या वाढदिवसाचा ठेवा. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आहे, तिथे दर्शन घ्या. मग केळशीहून आडे, पाडले करत आंजर्ल्याला जाणारा रस्ता. सगळ्या प्रवासात मला सर्वांत प्रिय तो हाच. समुद्र कितीतरी वेळ उजव्या हाताला सोबत असतो आणि चालक तुम्ही असल्यामुळे नुसतं बसून बघायची पाळी त्यांची. जागा बघून गाडी बाजूला घ्या, थांबा, पाणी प्या, पुन्हा निघा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. देवळाच्या आवारातून खाली माडांची गर्दी आणि दूर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात सुवर्णदुर्ग आहे.

संध्याकाळी हर्णे बंदर. मोठ्या होड्या लांब उभ्या राहतात, लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते आणि वाळूतच लिलाव सुरू होतो. यजमानांना वास सोसत नसेल तर ते वरच्या रस्त्यावर थांबतील. तुम्ही मात्र खाली जा. माहेरी जे रोज बघितलं, ज्याची नावं तुमच्या तोंडात लहानपणापासून आहेत, ते सुरमई, पापलेट, बांगडा, मुडदुशी सगळं समोर बघा. घासाघीस करायची नसली तरी बघा.

मग जेवण. याविषयी मला जरा कडक बोलायचंय. तुम्ही लिहिलंत, हे अजून त्यांना बोललेले नाही. माझं म्हणणं, परवानगी मागू नका. परवानगी मागितलीत की त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि हो म्हणतानाही ते आपल्या आईचा, घरच्या देवांचा विचार करतील. तुम्हाला मनाई कधी नव्हतीच, मग परवानगी कशाची? फक्त सांगा, आणि निघण्याच्या बऱ्याच आधी सांगा. "हर्ण्याला मी मासे खाणार आहे. तुमच्यासमोर खावेत असं मला वाटतं. तुम्ही खावेत असं मुळीच नाही." एवढंच. पुढे कारणं देत बसू नका. त्यांना पचायला दोन दिवस लागले तर लागू द्यात.

हर्णे, दापोलीजवळचं मुरुड, कर्दे या पट्ट्यात अनेक खानावळींत दोन्ही प्रकारची ताटं मिळतात. खोली घेतानाच विचारून ठेवा. तुमचं सुरमईचं ताट, त्यांची उसळ-आमटी, दोघांना सोलकढी. त्यांना खरोखर शेजारी बसवत नसेल तर तेही ऐकून घ्या. मग ते आधी जेवतील आणि तुम्ही जेवत असताना समोर पाणी पीत बसतील. पण चोरून, खोलीत, ते फिरायला गेलेले असताना खाणं हे मला मान्य नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या घरची रीत मनापासून पाळलीत. तुमच्या माहेरची एक गोष्ट त्यांनी एका संध्याकाळी डोळ्यांनी बघावी, हे फार मोठं मागणं नाही. आणि त्यांनी एखादा घास मागितला, किंवा नाही मागितला, त्यावरून काही ठरवू नका.

आता सासूबाई. पाय निघत नाही असं लिहिलंत, यातच तुम्ही कशा आहात ते कळतं. पण तुमची मुलगी स्वतःहून येते म्हणतेय. तिला आजीजवळ चार दिवस राहायचंय, तो तिचाही हक्क आहे. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, रात्री कुठला दिवा चालू ठेवायचा हे एका कागदावर लिहून फ्रिजला लावा. निघण्याच्या आधी एक दिवस मुलीला सगळं करू द्या आणि तुम्ही नुसत्या बघा. बेत सासूबाईंना परस्पर कळू देऊ नका. दोघांनी त्यांच्याजवळ बसून सांगा, कुठे जाणार, कधी परतणार. वेळासच्या बाजूला मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेलच असं धरू नका, म्हणून मुक्कामाच्या घरांचे नंबर मुलीकडे द्या आणि रोज एकच वेळ ठरवून फोन करा. दर तासाला केलात तर मुलीला वाटेल आपल्यावर भरवसा नाही. तुमच्या यजमानांच्या पायाचीच ही दुसरी तऱ्हा होईल.

शनिवारी सकाळी समुद्रात पाय बुडवून घ्या आणि नाश्ता करून निघा. दापोलीहून मंडणगड, आंबेत, माणगाव, ताम्हिणी अशी वाट धरा. निघण्यापूर्वी आंबेतच्या पुलाची आणि पुढच्या रस्त्यांची स्थिती मुक्कामाच्या घरी विचारून घ्या, तिथे दुरुस्तीची कामं निघत असतात. ताम्हिणीत अंधार नको. दापोलीच्या बाजारात सासूबाईंसाठी कोकम आणि कुळथाचं पीठ मिळेल. घरी पोचल्यावर गाडी खालून धुऊन घ्या, खारं पाणी पत्र्याला खातं.

वेळासच्या घरांची नोंदणी मात्र आजच करा. कासवांच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात.

तुमची,
ताई